अप्पांनी उचललेला दगड

लग्न होऊन सोलापुरात आले त्याला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी हा जिल्हा पाहिलेलाच नाही, हे मला सातवीतल्या एका मुलीनं दाखवून दिलं.

मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. जानेवारीत वाचनालयाच्या कोपऱ्यात 'आपला जिल्हा' म्हणून पुस्तकं, नकाशा आणि काही जुनी छायाचित्रं मांडून ठेवली होती. ती मुलगी पुस्तक परत करायला आली आणि नकाशासमोर थांबली. गावांच्या नावांवरून बोट फिरवत तिनं विचारलं, "बाई, यातलं तुम्ही काय काय बघितलंय?"

मी ऐटीत सांगायला लागले. बार्शी, माळशिरस, मोहोळ, अक्कलकोट.

"बार्शीत काय बघितलं?"

बार्शीत मी दोन लग्नं बघितली होती. माळशिरसला नणंदेच्या दिराच्या तेराव्याला गेले होते. मोहोळला एकदा एसटी बंद पडली म्हणून स्टँडवर तीन तास बसले होते. अक्कलकोटला दर वर्षी दर्शनाला जायचे, पण देवळातून बाहेर पडलं की सरळ परतीची गाडी.

"म्हणजे फिरायला नाहीच," ती म्हणाली आणि दुसरं पुस्तक घेऊन निघून गेली.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात तेव्हा मी आणि सासूबाई दोघीच होतो. नवरा कामानिमित्त पंधरा दिवस नागपूरला गेला होता आणि मुलगा शिकायला बाहेरगावी असतो. संध्याकाळी सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. मी गंमत म्हणून त्यांना ही हकिगत सांगितली. त्या हसतील असं वाटलं होतं, पण हसल्या नाहीत.

"मी तरी कुटं गेलेय गं?" त्या म्हणाल्या. "चौऱ्याहत्तर झाली मला. कुणाचं लगीन असलं तर जायचं, कुणी गेलं तर मातीला जायचं. कामाशिवाय घराभाईर पाऊल टाकलं न्हाय. नुसतं बघायला म्हणून कुणी नेलंच न्हाय मला."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. भाव काय चाललाय ते सांगावं तसं त्या सांगत होत्या. मी मूळची कोकणातली. या घरात आले तेव्हा त्यांचं कानडी वळणाचं मराठी मला अर्धं कळायचं नाही आणि माझं सानुनासिक बोलणं त्यांना. नंतर सगळं सुरळीत झालं, भांडण असं कधी झालं नाही. पण आमच्या दोघींच्या गप्पा म्हणजे भाजी कुठली करायची आणि गॅस कधी लावला होता, एवढ्याच. घराबाहेर आम्ही दोघीच अशा कधी कुठे गेलो नव्हतो.

आदल्या वर्षी, एकोणपन्नासाव्या वर्षी, मी गाडी चालवायला शिकले होते. शाळा, मंडई आणि घर, याच्यापलीकडे ती नेली नव्हती. तरीही तोंडातून निघून गेलं, "आई, या शनिवारी-रविवारी जाऊ या? दोघीच. काही काम न काढता."

"कुटं?"

"कुडलचं देऊळ बघू. मग अक्कलकोटला मुक्काम करू. तिथल्या राजवाड्यात जुनी शस्त्रं ठेवलीत म्हणे, ती बघू."

त्यांनी शेंगांची पाटी बाजूला सारली. "आणि मैंदर्गीला," त्या म्हणाल्या. "अप्पांचा दगड दावते तुला."

अप्पांचा दगड हा आमच्या घरातला जुना विषय. मैंदर्गी हे सासूबाईंचं माहेर, आणि अप्पा म्हणजे त्यांचे वडील. त्या भागात जत्रेत गोल, गुळगुळीत दगड उचलायची पैज लागायची. दगड जमिनीवरून मांडीवर घ्यायचा, मांडीवरून छातीवर, छातीवरून खांद्यावर, आणि मग मागे टाकायचा. गावातला सगळ्यात मोठा दगड, जो इतरांना जागचा हलवता येत नव्हता, तो अप्पांनी उचलला होता, असं मी लग्न होऊन आल्यापासून सासूबाई सांगत आल्या होत्या. अडचण एवढीच की घरात अप्पांचा एकच फोटो आहे आणि त्यात ते कमालीचे काटकुळे दिसतात. माझा नवरा त्यांना चिडवायचा, "आई, अप्पांनी या फोटोत छत्री धरलीय, तीसुद्धा दोन्ही हातांनी." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "तो फोटो नंतरचा हाय."

मैंदर्गीत त्यांचं आता कुणी उरलं नव्हतं. भाऊ गेले, भाचे पुण्याला स्थायिक झाले, घर विकलं. त्या तिकडे गेल्याला बारा-पंधरा वर्षं झाली असतील. म्हणजे दगड बघायला जायचं तर अगदीच काम नसताना जायचं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. डिक्कीत कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, पाण्याचे दोन कॅन आणि एक जाडजूड चादर. "लॉजमधी कोण कोण झोपून गेलेलं असतंय," असं सासूबाईंचं म्हणणं. विजापूर रस्त्याला लागल्यावरही त्यांनी दाराच्या वरची मूठ घट्ट धरून ठेवली होती. प्रत्येक ट्रक दिसला की त्या मला कळवत होत्या. "ट्रक हाय." "मोठा हाय." "त्यो बी मोठाच हाय." मंद्रूप मागे पडल्यावर त्यांनी मूठ सोडली आणि मांडी घालून बसल्या. गाडीत मांडी घालणं म्हणजे विश्वास बसल्याची खूण आहे, असं मी मनाशी धरलं.

हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना एकत्र येतात. देऊळ नदीकाठी, आसपास शांतता. शनिवार असूनही आमच्याशिवाय तिथं चार-पाचच माणसं होती. तिथं एक शिवलिंग आहे, ज्यावर सगळीकडून छोटी छोटी मुखं कोरलेली आहेत. तीनशे एकोणसाठ मुखं, आणि लिंग स्वतः तीनशे साठावं, असं तिथल्या राखणदारानं सांगितलं.

"मोजली का कुणी?" सासूबाईंनी विचारलं.

"मोजल्याशिवाय सांगत्यात व्हय आजी?"

यावर त्यांचा विश्वास बसला नाही. त्या जमिनीवर बसल्या आणि खालच्या ओळीपासून मोजू लागल्या. चाळीसच्या आसपास त्यांचं मोजणं थांबलं, कारण त्यांना ओळखीची तोंडं दिसायला लागली. "हे बघ, हे आपल्या गल्लीतल्या दूधवाल्यावानी हाय. आणि हे तुझ्या नणंदेचं. रुसल्यावर अशीच दिसती." मी वाकून पाहिलं. खरंच नणंदच होती. मग मीही शोधायला लागले आणि आमच्या मुख्याध्यापिका सापडल्या. आम्ही दोघी देवासमोर बसून फिदीफिदी हसत होतो. मला एकदम जाणवलं, यांच्याबरोबर मी अशी कधी हसलेच नाही.

राखणदारानं मग आम्हाला दुसऱ्या देवळातल्या तुळईवरचा लेख दाखवला. फार जुनं मराठी अक्षर आहे, सगळ्यात जुन्यांपैकी एक, असं तो म्हणाला. जो हे वाचेल तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ लावतात. मी ग्रंथपाल, त्यामुळे मान वर करकरून वाचायचा प्रयत्न केला. दोन अक्षरं लागली, पुढचं काही केल्या लागेना. सासूबाईंची शाळा कानडी, तीही चौथीपर्यंत. मराठी वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या, दुकानांच्या पाट्या वाचून.

"आमाला येईना वाचायला," त्या राखणदाराला म्हणाल्या. "म्हंजे आमी हरलो का काय?"

तो म्हणाला, "बगितलं तरी चालतंय की. सोलापुरास्नं आलाव न्हवं?"

त्यावर सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्याला दोन भाकऱ्या आणि चटणी बांधून दिली.

खरं तर तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण त्यांना संगम जवळून बघायचा होता आणि गुडघ्यांमुळे उतार चालवत नव्हता. मी गाडी खाली नेली. वरून वाळलेली दिसणारी काळी माती आतून ओली होती. पुढची चाकं रुतली. मी जितका जोर दिला तितकी ती खाली गेली. नवऱ्याला फोन करून उपयोग नव्हता, तो नागपूरला. शिवाय त्याला कळलं असतं तर पुढची दहा वर्षं चिडवायला पुरेल एवढं खाद्य मिळालं असतं.

सासूबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि थोड्या अंतरावर मेंढ्या चारणाऱ्या एका जोडप्याला त्यांनी हाक मारली. नवरा-बायको दोघेही चाळिशीतले. बाई पुढे आली, चाक बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"तुमीच चालवताव व्हय?"

"हो."

"लई ब्येस," ती म्हणाली आणि नवऱ्याकडं वळली. "बगा. ह्या बाई सोलापुरास्नं गाडी घेऊन आल्यात. आनि तुमी मला मोटारसायकलीला हात बी लावू देत न्हाय."

तो बिचारा शेजारच्या शेताच्या बांधावरून तुराट्यांची पेंडी घेऊन आला. तुरीच्या त्या वाळक्या काड्या आणि चार चपटे दगड त्यानं चाकांपुढं दाबून बसवले. मग दोघांनी मागून रेटा दिला. "आता हळू! हळू सोडा! चाक फिरवू नगा, सरळ!" तो ओरडत होता. तिसऱ्या वेळी गाडी हुंदका दिल्यासारखी उसळून बाहेर आली आणि तो धनगर कमरेपर्यंत चिखलानं माखला. बायको पोट धरून हसत होती. मी खाली उतरून आभार मानले. तोवर सासूबाई बाभळीखाली तिच्याबरोबर कोकरांच्या पायांच्या दुखण्यावर कानडीत बोलायला लागल्या होत्या. तिचं माहेर नदीपलीकडचं, कर्नाटकातलं होतं. अर्धा तास आम्ही तिथंच बसलो. चटणी-भाकरी चौघांत झाली. संगम मात्र आम्ही लांबूनच बघितला.

मधल्या रस्त्यांनी विचारत विचारत संध्याकाळी अक्कलकोटला पोचलो. लॉजच्या गादीवर सासूबाईंनी चादर अंथरली, कोपरे खाली खोचले, आणि मग पलंगावर बसून चौफेर बघितलं. "हितं काय बी करायचं न्हाय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"भांडी न्हाईत, कुकर न्हाय."

"नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "मग चहा सांग की," त्या म्हणाल्या. आणि चहा दुसऱ्या कुणीतरी आणून दिला, याचं त्यांना झोपेपर्यंत कौतुक वाटत होतं.

रविवारी सकाळी दर्शन झाल्यावर राजवाड्यातली शस्त्रं बघायला गेलो. इतकी वर्षं अक्कलकोटला येत होते, पण तिकडे पाऊल वळलं नव्हतं. तलवारी, भाले, बंदुका, खंजीर, ढाली. काही इतकी चमत्कारिक हत्यारं की धरायची कुठून तेच कळेना. मी एकेका पाटीजवळ थांबत होते. सासूबाई हात मागे बांधून, बाजारात वांगी बघावीत तशा पुढे पुढे जात होत्या. शेवटी म्हणाल्या, "एवढी धारंची हत्यारं. एक विळी न्हाय." तिथल्या देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी हे ऐकलं. थोड्या वेळानं ते आमच्या मागे आले आणि म्हणाले, "आजी, विळी स्वयंपाकघरात असणार की हो." सासूबाईंना पटलं नाही. "तिनं बी लढाई केलीच की," त्या म्हणाल्या.

अकराच्या सुमाराला मैंदर्गीचा रस्ता धरला. कापणीला आलेली ज्वारी दोन्हीकडं उभी होती. गाव जवळ येईल तसं सासूबाईंचं मराठी कमी कमी होत गेलं. आधी मधूनच एखादा कानडी शब्द येत होता, मग एखादाच मराठी. गावात शिरताना त्यांनी पदर नीट घेतला, केसांवरून हात फिरवला. त्यांच्या विकलेल्या घराच्या जागी आता दुमजली इमारत होती आणि खाली मोबाईलचं दुकान. त्या क्षणभर थांबल्या. "दार हितं हुतं," एवढंच म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

दगड मारुतीच्या देवळासमोर असायचा. आम्ही देवळासमोर गेलो. देऊळ नवं, भिंतीला चकचकीत फरशा, पुढे पत्र्याचा मांडव. दगड नव्हता.

चहाच्या टपरीवर विचारलं. तिथल्या तरुणांनी असा दगड ऐकलाही नव्हता. एकानं आम्हाला गावातल्या जिमचा पत्ता सांगितला. "तितं वजनं हायत, लोखंडाची." एका दुकानदाराला वाटलं आम्हाला पाट्यासाठी दगड हवाय. सासूबाई सगळ्यांना हातांनी त्याचा आकार दाखवत होत्या, आणि प्रत्येक वेळी तो थोडा मोठा होत होता. तासाभरानं त्या देवळाच्या पायरीवर बसल्या. चेहरा उतरला होता. "रस्ता केला तवा फोडला असंल," त्या म्हणाल्या. "खडी केली असंल त्याची."

मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, मनात एक शंकाही आली, की दगड मुळात होता का?

देवळाच्या बाजूला, पिंपळाच्या पाराजवळ, एक बाई पूजा करत होती. शेंदूर फासलेला, हारांनी झाकलेला गोल देव, त्याला दोन चांदीचे डोळे. पारावर एक फार म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते बराच वेळ सासूबाईंकडं बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "नी यार मगळु?" तू कुणाची मुलगी?

सासूबाईंनी वडिलांचं नाव सांगितलं.

म्हाताऱ्यांनी काठी खाली ठेवली. मग दोघांचं कानडी इतक्या वेगानं सुरू झालं की मला मेळ लागेना. एवढं कळलं की सासूबाई दगडाबद्दल विचारत होत्या. म्हाताऱ्यांनी हात लांब केला आणि त्या शेंदरी देवाकडं बोट दाखवलं.

सासूबाई उठल्या, देवाजवळ गेल्या, वाकल्या. "हाच," त्या म्हणाल्या. "अगं, हाच की! डोळं कुणी बसिवलं ह्याला?"

पूजा करणारी बाई दचकली. "हात लावू नका आजी. स्वयंभू देव हाय हा. नवसाला पावतोय."

"कसला स्वयंभू?" म्हातारे पारावरून ओरडले. आता ते मराठीत बोलत होते, माझ्यासाठी आणि जमलेल्या चार लोकांसाठी. "देऊळ बांधताना गवंड्यानं हितं सरकवला. कुणीतरी शेंदूर लावला. मी सांगतोय, कोण ऐकतंय? हा देव व्हायच्या आदी ह्या बाईच्या बापाच्या छातीवर हुता."

सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की माझी मघाची शंका त्यांना दिसली असावी.

"उचलला हुता की न्हाय, अण्णा?" त्यांनी विचारलं. "सांगा हिला."

म्हाताऱ्यांनी सासूबाईंना जवळ बसवून घेतलं.

"तंगी, तुला काय सांगितलंय घरी?" तंगी म्हणजे धाकटी बहीण.

"अव्वा सांगायची, उचलला म्हणून." अव्वा म्हणजे त्यांची आई.

"अव्वानं बरोबर सांगितलं. पर समदं सांगितलं न्हाय." ते हळूहळू बोलत होते. "तुझा बाप काय पैलवान न्हवता. हाडं हुती नुसती. त्या साली जत्रंत त्यो पुडं आला तवा लोक हसले. मी अठरा वरसाचा असंन, मी बी हसलो. त्यानं धोतर खोचलं, मातीत हात घासलं, आणि दगड मांडीवर घेतला. हसणारी गप झाली. मग छातीवर घेतला. हलगीवाला वाजवायचं इसरला. आता खांद्यावर गेला की झालं. आणि तेवढ्यात तू आलीस."

"मी?"

"तूच की. पाच-सा वरसाची. आईचा हात सोडून रिंगणात पळत आलीस. 'अप्पा बेडा, अप्पा बेडा' म्हणून वरडत." बेडा म्हणजे नको. "त्याचं त्वांड लाल, मानंच्या शिरा सुतळीवानी. तुला वाटलं बाप मरतोय. त्यानं खाली बगितलं, तर तू त्याच्या पायाशी. दगड टाकला असता तर तुझ्यावर आला असता. त्यानं तो मांडीवर घेतला, आणि तिथनं मातीत ठेवला. हळू. उचलण्यापरीस ठेवायलाच जास्त ताकद लागती, ते मला पुडं मी उचलला तवा कळलं."

पूजा करणारी बाईसुद्धा निरांजन हातात धरून ऐकत उभी होती.

"पंच म्हणले, खांद्यावर गेला न्हाय, धरता येत न्हाय. तुझा बाप म्हणला, बरं. तुला कडेवर घेतलं आणि गेला घरी. दोन वरसांनी मी उचलला. फेटा मला बांदला, नारळ मला दिला. मी निम्मा नारळ तुमच्या घरी आणून दिला हुता. तूच खाल्लास."

सासूबाई आपल्या तळहातांकडं बघत होत्या. मला वाटलं, रडतात की काय. आयुष्यभर जे छातीठोकपणे सांगितलं, त्यात आपणच आडव्या आलो होतो, हे चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळणं सोपं नाही. अव्वांनी अर्धीच गोष्ट का सांगितली असेल, तेही मला तेव्हाच उमगलं. एवढ्याशा पोरीच्या मनावर तो दगड कशाला ठेवायचा?

"मला कायच आठवंना गं," त्या मला म्हणाल्या. मग म्हाताऱ्यांकडं वळून, "पुन्हा हात लावला न्हाय त्यांनी?"

"न्हाय. मी इचारलं हुतं. म्हणला, पोरगी भिती."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि पदराआडून हसायला लागल्या. आधी बारीक, मग मोठ्यानं. "खुळीच मी," त्या म्हणत होत्या. "खुळीच की गं. थोडा दम धरला असता तर फेटा आला असता घरी." म्हातारेही हसायला लागले. त्यांच्या तोंडात दोनच दात होते आणि दोन्ही दिसले.

मग त्या उठल्या आणि पूजेच्या बाईला म्हणाल्या, "आता लावू का हात?"

त्या बाईनं एक हार बाजूला केला. "लावा आजी. तुमचाच हाय."

सासूबाईंनी दोन्ही तळवे दगडाला टेकले. नमस्कार करतील असं वाटलं. पण त्या गुडघ्याचं दुखणं विसरून खाली बसल्या, दगडाला मिठी मारली आणि खरोखर जोर लावला. चेहरा लाल झाला, बांगड्या दगडावर वाजल्या. मी ओरडले, "आई, नको! आई!" दगड केसभरही हलला नाही. मीही शेजारी बसून हात लावला, मग ती पूजेची बाई आली. तिघींनी जोर केला. चांदीचा एक डोळा निखळून खाली पडला, बाकी काही झालं नाही. तो पुन्हा चिकटवण्यात आमचा पाव तास गेला आणि जरासा तिरळाच बसला.

म्हाताऱ्यांच्या सुनेनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, उसळ, दही आणि ताटात डोंगराएवढा भात. निघताना म्हाताऱ्यांनी सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. माहेरी कुणी उरलं नाही म्हणणाऱ्या बाईच्या ओटीत त्या घरानं तांदूळ आणि खण घातला.

परतीच्या वाटेवर नवऱ्याचा फोन आला. मी गाडी कडेला घेतली आणि फोन सासूबाईंना दिला. त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता.

"म्हणजे शेवटी उचलला नाहीच ना!" तो फोनमधून ओरडला.

"छातीपत्तूर उचलला," त्या म्हणाल्या. "तू गॅसचं सिलिंडर दारातनं आत आणतोस का कधी? सूनबाई आणती." आणि फोन बंद केला. मग मला म्हणाल्या, "चल. ट्रक न्हाय मागं."

अक्कलकोट सोडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वळसंगच्या आसपास सासूबाईंनी अचानक विचारलं, "तुझं वडील कसं हुतं गं?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता. मीही कधी आपणहून सांगितलं नव्हतं. माझे वडील गावात पोस्टमन होते. खाडी ओलांडून पत्रं द्यायला जायचे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचूनही दाखवायचे. वाईट बातमी असली की आधी पाणी मागून प्यायचे, म्हणजे घरातल्यांना बसायला वेळ मिळायचा. हे मी सांगत गेले. सासूबाई मध्ये न बोलता ऐकत होत्या, फक्त एकदा म्हणाल्या, "शाणा माणूस." सोलापूर कधी आलं कळलंच नाही.

आता त्या गल्लीत सगळ्यांना दगडाची नवी गोष्ट सांगतात. जुनी सोडून दिलीय. अप्पांचा दगड प्रत्येक वेळी छातीपर्यंतच येतो, त्यात त्या इंचाचाही फरक करत नाहीत. रडणाऱ्या पोरीचा आवाज मात्र दर वेळी चढत चाललाय. परवा शेजारच्या बाईंना सांगताना तो आवाज थेट अक्कलकोटपर्यंत ऐकू गेला होता.